काबा, तारा आणि खिळा : सुहार्तोंच्या इंडोनेशियात पाळलेला एक पक्ष

१९७७ सालच्या इंडोनेशियातल्या मतपत्रिकेवर तीनच चित्रं होती. पहिलं मक्केतल्या काब्याचं, दुसरं वडाच्या झाडाचं, तिसरं रानबैलाच्या मुंडक्याचं. शिक्का मारायची पद्धत नव्हती. मतदाराने आडोशाला जायचं आणि तिथे ठेवलेल्या खिळ्याने आपल्या चित्राला भोक पाडायचं. त्या वर्षी २९ टक्क्यांहून जास्त मतदारांनी काब्यावर खिळा टोचला. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, वड आणि बैल जागच्या जागी होते. काबा मात्र गायब होता. तिथे पाच टोकांचा एक तारा आला होता आणि त्याच्या वाट्याला १६ टक्के मतं आली.

पक्ष तोच, पीपीपी हा इस्लामी पक्ष. नाव तेच, मतपत्रिकेवरचा क्रमांकही तोच. मधल्या दहा वर्षांत त्याच्यावर बंदी आली नाही, कचेरीला टाळं लागलं नाही, खासदार संसदेत बसून भत्ते घेत राहिले. हुकूमशाही आणि इस्लामी पक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इजिप्त येतो: तुरुंग, फाशी, भूमिगत कार्यकर्ते. लष्करशहा सुहार्तोंच्या राजवटीत तुरुंग होते, गोळीबारही झाले. पण या पक्षाच्या बाबतीत त्यांनी वेगळी रीत धरली. त्यांनी तो मारला नाही, पाळला. कसा पाळला आणि पाळून घेणाऱ्यांनी त्यात किती हातभार लावला, हे पाहण्यासारखं आहे.

मागची गोष्ट आधी उरकून टाकू. १९५५ ची निवडणूक ही इंडोनेशियातली पहिली आणि पुढची ४४ वर्षं एकमेव मोकळी निवडणूक. तिच्यात माशुमी या इस्लामी पक्षाला २०.९ टक्के मतं मिळाली आणि उलेमांच्या नहदतुल उलमाला १८.४ टक्के. माशुमी शिकलेल्या, व्यापारी, सुधारकी वळणाच्या मुसलमानांचा. जावा बेटाबाहेर त्याचं वजन जास्त. नहदतुल उलमा, म्हणजे तिथल्या बोलण्यातलं ‘एनयू’, पूर्व आणि मध्य जावातल्या खेड्यापाड्यांचा. त्याचा कणा म्हणजे पेसांत्रेन, मुलं राहून शिकतात ते मदरसे. तिथल्या गुरूला कियाई म्हणतात आणि गावात कियाईचा शब्द फौजदाराच्या शब्दापेक्षा जड असतो. (हे सगळे शाफिई परंपरेतले, आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच. समुद्राने जोडलेल्या किनाऱ्यांची ही जुनी खूण.)

सुमात्रातल्या बंडात माशुमीचे काही मोठे नेते सामील झाले, म्हणून १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष सुकार्णोंनी पक्षावर बंदी घातली. १९६५-६६ मध्ये लष्कराने कम्युनिस्टांचं शिरकाण केलं तेव्हा मुस्लिम संघटना लष्कराच्या बाजूने उभ्या राहिल्या. एनयूच्या तरुण संघटनेचे हात तर त्यात चांगलेच रंगले. सुहार्तो सत्तेवर आल्यावर बक्षीस म्हणून माशुमी परत मिळेल असा माशुमीच्या जुन्या मंडळींचा हिशेब होता. लष्कराने साफ नकार दिला. त्याऐवजी १९६८ मध्ये पार्मुसी नावाच्या नव्या पक्षाला परवानगी मिळाली, तीही माशुमीचे जुने पुढारी नेतृत्वात नकोत या अटीवर. त्याच वर्षी मलंगच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी तरीही माशुमीचेच जुने नेते मोहमद रूम यांना अध्यक्ष निवडलं. सरकारने मान्यता दिली नाही. १९७० मध्ये पक्षात दोन गट पडले आणि तंटा मिटवण्याच्या नावाखाली सरकारने तिसराच माणूस अध्यक्षपदी बसवला: मिंतारेजा, जे मंत्रिमंडळात मंत्रीच होते. भांडण उकरून काढणाऱ्यांत पुढे होते जैलानी नारो. हे नाव लक्षात असू द्या.

१९७१ च्या निवडणुकीचा निकाल या प्रकरणाची किल्ली आहे असं मला वाटतं. सरकारचा स्वतःचा गट गोलकार ६२.८ टक्क्यांवर गेला. ज्या पार्मुसीचा अध्यक्ष सरकारने नेमला होता तो ५.४ टक्क्यांवर आपटला. आणि एनयू? १८.७ टक्के. सोळा वर्षांपूर्वी होता तितकाच, किंचित वरच. सरकारी यंत्रणा सगळी विरोधात असताना हा पक्ष जागचा हलला नाही, कारण त्याचे पुढारी कोण हे जाकार्तात ठरत नव्हतं.

सुहार्तोंच्या माणसांनी, विशेषतः त्यांचे खास डावपेचकार जनरल अली मुर्तोपो यांनी, हा निकाल नीट वाचलेला दिसतो. ५ जानेवारी १९७३ ला एनयू, पार्मुसी आणि आणखी दोन लहान इस्लामी पक्ष एकत्र करून एकच पक्ष बनवला गेला. नाव: पार्ताई पेर्सातुआन पेंबांगुनान, पीपीपी. अर्थ ऐक्य-विकास पक्ष. चार इस्लामी पक्षांच्या बेरजेतून तयार झालेल्या पक्षाच्या नावात इस्लाम शब्दच नव्हता. पाचच दिवसांनी राष्ट्रवादी आणि ख्रिस्ती पक्षांची अशीच मोट बांधून पीडीआय झाला. गोलकार तर कागदोपत्री पक्षही नव्हता. ‘गोलोंगान कार्या’, त्यातलं कार्या म्हणजे आपलं कार्यच: कामकरी गटांचा समूह. सरकारी नोकर, लष्कराशी जोडलेल्या संघटना, महिला मंडळं, सगळं त्यात. म्हणजे दोन पक्ष आणि एक सरकार, अशी तिघांची निवडणूक.

चार चुली एका छपराखाली आणल्या की धूर होणारच, आणि तो व्हावा हीच अपेक्षा होती. अध्यक्ष मिंतारेजा. मोठ्या मानाचं पण कमी अधिकाराचं धर्मसल्लागार मंडळ एनयूचे वयोवृद्ध कियाई बिस्री शन्सुरी यांच्याकडे.

दुसरं हत्यार होतं ‘तरंगता जनसमुदाय’ नावाचं. १९७५ च्या पक्षविषयक कायद्याने ते पक्कं झालं. खेड्यातल्या माणसाने पाच वर्षांतून एकदा मत द्यावं, बाकी वेळ विकासाच्या कामात घालवावा, राजकारणाने त्याचं डोकं फिरवू नये, असं त्यामागचं तत्त्व सांगितलं जाई. व्यवहारात त्याचा अर्थ: पक्षाला जिल्ह्यापर्यंत कचेरी चालेल, त्याखाली शाखा नाही. आपल्याकडच्या कुठल्याही पक्षाला तालुका अध्यक्ष, गावशाखा, नाक्यावरचा फलक काहीच ठेवायचं नाही असं सांगितलं तर काय होईल, ते मनाशी आणून पाहा. आणि गाव खरोखर रिकामं होतं का? तिथे सरपंच होता, शिक्षक होता, लष्कराने गावासाठी नेमलेला हवालदार होता. सरकारी नोकरांना गोलकारशी निष्ठा बंधनकारक होती. म्हणजे गोलकारला शाखेची गरजच नव्हती, सरकार हीच त्याची शाखा.

पीपीपीकडे उरलं काय? मशीद, पेसांत्रेन, शुक्रवारची नमाज आणि चिन्ह. काब्याचं चिन्ह बिस्री शन्सुरी यांनी प्रार्थनेनंतर सुचवलं, असं पक्षात सांगितलं जातं. सरकारने ते मंजूर कसं केलं याचं आजही नवल वाटतं. शाखा नसलेल्या पक्षासाठी हे चिन्ह म्हणजे गावोगावचा कार्यकर्ता होता. अक्षर न कळणाऱ्या म्हातारीलाही ते ओळखता येई. ती रोज पाच वेळा त्याच दिशेला तोंड करून उभी राहत होती. वर बिस्री शन्सुरी यांनी पीपीपीला मत देणं हे मुसलमानाचं कर्तव्य असल्याचं जाहीर केलं. निवडणुकीआधी ‘कमांडो जिहाद’ या कथित बंडखोर जाळ्याच्या नावाखाली धरपकड झाली. ते जाळं मुर्तोपोंच्या गुप्तचरांनीच जुन्या बंडखोरांना हाताशी धरून विणलं होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही पीपीपीला २९.३ टक्के मतं आणि ९९ जागा मिळाल्या. आचे प्रांतात त्याने गोलकारला हरवलं, तो तसा धार्मिकच मुलूख. पण राजधानी जाकार्तातही हरवलं. राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा असलेल्या शहरात.

(त्या काळातले सगळे आकडे सरकारने छापलेले आहेत. मोजणी कशी होई, सरकारी नोकरांना कचेरीतच मतदान करायला लावलं की काय होई, हे ध्यानात ठेवून ते वाचायचे. विरोधी पक्षाला मिळालेला टक्का हा ‘निदान इतका तरी’ असा समजावा.)

१९७८ मध्ये आणखी एक ठिणगी उडाली. सर्वोच्च सभेत पंचशीलाच्या, म्हणजे राष्ट्राच्या पायाभूत पाच तत्त्वांच्या, सक्तीच्या शिकवणुकीचा ठराव आला, आणि जावातल्या लोकश्रद्धांच्या पंथांना सरकारी मान्यतेचा विषयही. बिस्री शन्सुरी आपल्या माणसांना घेऊन सभागृहातून चालते झाले. सगळं एकमताने मंजूर होण्याची शिस्त असलेल्या सभेत हे म्हणजे भर मांडवात अक्षता न टाकता उठून जाणं.

पाळलेला पक्ष अजून पुरता पाळीव झाला नव्हता तर. त्याच वर्षी मिंतारेजा गेले आणि नारो अध्यक्ष झाले. अधिवेशन नाही, मतदान नाही, वरून आशीर्वाद तेवढा. १९८० मध्ये बिस्री शन्सुरी वारले. मग १९८२ च्या निवडणुकीच्या याद्या आल्या. इंडोनेशियात मत पक्षाला पडायचं आणि यादीतल्या क्रमाने खासदार व्हायचे. नारोंनी एनयूची वादग्रस्त, बोलकी माणसं यादीत इतकी खाली टाकली की ती निवडून येणं शक्यच नव्हतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते ती ही यादी. सरकारला कुणाचंही नाव खोडावं लागलं नाही. पक्षाच्याच अध्यक्षाने पक्षाच्याच लेटरहेडवर ते काम करून दिलं. उमेदवारांची सरकारी छाननी वेगळी होतीच, पण ती दुसरी चाळणी. पहिली घरातच बसवली होती. मतं २७.८ टक्के पडली, जाकार्ता हातचं गेलं.

आता पंचशील. हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा एक, नेहरूंच्या परराष्ट्र धोरणातला दुसरा. इंडोनेशियाचं ‘पंचासिला’ सुकार्णोंनी १ जून १९४५ च्या भाषणात मांडलं: एकेश्वर, मानवता, राष्ट्रीय ऐक्य, विचारविनिमयाची लोकशाही, सामाजिक न्याय, असा त्याचा आज रूढ झालेला क्रम. यात कुणाला खटकावं असं काय आहे? कुठलंच तत्त्व नाही. खटकला तो एक शब्द, ‘एकमेव’. १६ ऑगस्ट १९८२ च्या भाषणात सुहार्तोंनी सांगितलं की सर्व पक्षांनी पंचशील हाच आपला एकमेव पाया मानावा. पीपीपीच्या घटनेत तोवर पंचशीलाबरोबर इस्लामही पाया म्हणून लिहिलेला होता. तो आता खोडायचा होता.

ऑगस्ट १९८४ मध्ये पीपीपीचं पहिलं अधिवेशन जाकार्तात भरलं. पक्ष स्थापन होऊन अकरा वर्षं झाल्यावर पहिलं! नारोंच्या अध्यक्षतेखाली पंचशील एकमेव पाया म्हणून स्वीकारलं गेलं. काब्याचं चिन्ह उतरलं आणि पंचकोनातला तारा चढला.

हा तारा कुठून आला? इंडोनेशियाच्या राष्ट्रचिन्हात गरुडाच्या छातीवर एक ढाल आहे. तिच्यावर पाच तत्त्वांची पाच चित्रं: एकेश्वराचा तारा, मानवतेची साखळी, ऐक्याचा वड, लोकशाहीचं बैलाचं मुंडकं, न्यायाची भाताची लोंबी नि कापूस. गोलकारचा वड त्या ढालीतला. पीडीआयचा बैल त्या ढालीतला. आणि आता पीपीपीचा ताराही तिथलाच. काबा ही मतपत्रिकेवरची एकच गोष्ट अशी होती जी सरकारच्या ढालीत बसत नव्हती. १९८४ नंतर मतदार कुठेही खिळा टोचो, भोक सरकारच्याच चित्राला पडणार होतं. चिन्ह गेलं की पक्षाचं काय होतं, याची चर्चा आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये धनुष्यबाण गोठवल्यावर घरोघर झाली. तिथे भांडायला दुसरा गट होता, आयोग होता, कोर्ट होतं. इथे पक्षाने स्वतःच हात वर करून चिन्ह काढून दिलं.

अधिवेशनाला महिना होत नाही तोच जाकार्ताच्या बंदरभागात, तांजुंग प्रियोकमध्ये, लष्कराचा एक हवालदार भिंतीवरची पत्रकं काढायला नमाजघरात शिरला. पायातले बूट न काढता, असं वस्तीचं म्हणणं. बाचाबाची, जाळलेली मोटारसायकल, चौघांना अटक, आणि १२ सप्टेंबरच्या रात्री त्यांना सोडवायला निघालेल्या जमावावर गोळीबार. सरकारने मृतांचा आकडा अगदी थोडका सांगितला, वस्तीने शेकड्यांत. पुढे भाषणं देणाऱ्यांवर, पत्रकं वाटणाऱ्यांवर खटले चालले. ‘एकमेव पाया’ नाकारणाऱ्यांसाठी काय वाढून ठेवलंय, ते सगळ्यांनी पाहिलं. १९८५ मध्ये तो कायदाच झाला, पक्षांसाठी आणि संघटनांसाठीही.

एनयू काय करत होता? त्याने पंचशील पीपीपीच्याही आधी मान्य केलं होतं, डिसेंबर १९८३ मध्ये, पूर्व जावातल्या सितुबोंदोच्या पेसांत्रेनमध्ये. वरवर पाहता तीही शरणागतीच. पण कियाई अहमद सिद्दीक यांनी मांडणी अशी केली की पंचशील हे माणसाने रचलेलं तत्त्वज्ञान, इस्लाम हा ईश्वराने दिलेला धर्म. दोन्ही एका मापाने मोजायचे नसतात, म्हणून एक दुसऱ्याची जागा घेत नाही. सरकारला हवी ती सही मिळाली आणि कियाईंच्या घरातलं काही हललं नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी भरलेल्या अधिवेशनात अब्दुर्रहमान वाहिद, म्हणजे गुस दुर, अध्यक्ष झाले आणि एनयूने ‘१९२६ च्या मूळ वाटेकडे’, म्हणजे स्थापनेच्या वेळच्या बिगरराजकीय कामाकडे, परतत असल्याचं जाहीर करून पीपीपी सोडला. एनयूचा माणूस कुठल्याही पक्षाला मत द्यायला मोकळा. यात तत्त्व किती आणि नारोंच्या त्या यादीचा सूड किती, हे मोजणं अवघड. दोन्ही होतं.

१९८७ च्या प्रचारात एनयूच्या कियाईंनी गावोगाव सांगितलं की पीपीपीला मत देणं हे काही धर्मकर्तव्य नाही. या मोहिमेला तिथे नाव पडलं ‘गेंबोस’, टायरमधली हवा काढणं. पंक्चर करायचं नाही, मोडतोड नाही, फक्त व्हॉल्व्ह सैल करायचा. गाडी जागेवर बसली: ९४ जागांवरून ६१. आचेसुद्धा गोलकारकडे गेलं. सरकारने १९७३ पासून जे बळाने आणि पैशाने साधलं नव्हतं, ते आतून बाहेर ढकललेल्या माणसांनी एका प्रचारात करून दाखवलं.

नारोंचा शेवट मजेशीर आहे. मार्च १९८८ मध्ये त्यांनी देशाच्या उपाध्यक्षपदासाठी स्वतःचं नाव पुढे केलं, सुहार्तोंनी पसंत केलेल्या सुधार्मोनोंच्या विरोधात. या व्यवस्थेत कुणी कशालाही उभं राहत नसे. दहा वर्षं इमानाने दार राखणाऱ्याने एकदा साखळी ओढून पाहिली. शेवटी त्यांनी नाव मागे घेतलं आणि १९८९ मध्ये पक्षाचं अध्यक्षपदही गेलं. नवे अध्यक्ष आचेचे इस्माईल हसन मेतारेउम, सौम्य गृहस्थ.

नव्वदच्या दशकात दाबाची तऱ्हा बदलली. सुहार्तो स्वतःच इस्लामकडे वळले, किंवा तसे दिसू लागले. डिसेंबर १९९० मध्ये मंत्री हबिबींच्या नेतृत्वाखाली मुस्लिम बुद्धिजीवींची संघटना उभी राहिली, १९९१ मध्ये सरकारी शाळांत मुलींना हिजाबची परवानगी मिळाली, त्याच वर्षी सुहार्तो हजला गेले, १९९३ मध्ये सरकारमान्य लॉटरी बंद झाली. पीपीपीच्या दुकानातला माल आता सरकारी भांडारातच मिळू लागला. आणि खासदाराने जास्त बोलायचं ठरवलं तर पक्षाकडूनच त्याला परत बोलावण्याची सोय होती. १९९५ मध्ये पीपीपीचे खासदार स्री बिंतांग पामुंगकास असेच गेले, पुढे सुहार्तोंच्या बदनामीबद्दल शिक्षाही झाली. बिंतांग म्हणजे तारा. ताऱ्याच्या पक्षाने तारा काढून टाकला.

तरी १९९७ मध्ये एक गंमत घडली. मध्य जावाचे गव्हर्नर सुवार्दी यांनी प्रांत पिवळा करायला घेतला होता, पिवळा हा गोलकारचा रंग. कुंपणं, झाडांचे बुंधे, पूल, सगळ्यांवर पिवळ्याचा हात फिरला. सोलो शहरात पीपीपीचे स्थानिक पुढारी मुद्रिक सांगिदू यांनी माणसं घेऊन त्यावर पांढरा मारायला सुरुवात केली. पीपीपीचा हिरवा मारला असता तर प्रचाराचा आरोप झाला असता. पांढरा रंग कुणाचाच नाही. आदल्या वर्षी सरकारने पीडीआयमधून सुकार्णोंच्या कन्या मेगावतींना हुसकून त्यांच्या कार्यालयावर हल्ला घडवून आणला होता. त्यांच्या पाठीराख्यांना मत द्यायला जागाच उरली नव्हती. सोलोतून घोषणा निघाली ‘मेगा-बिंतांग’: मेगावती आणि तारा. लाल आणि हिरवे झेंडे एका ट्रकवर दिसू लागले. सरकारने त्या घोषणेचे फलक बेकायदा ठरवले. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी बंजरमासिनमध्ये गोलकारच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली आणि जळत्या व्यापारी संकुलात शंभराहून जास्त माणसं मेली. पीपीपीला २२.४ टक्के मतं मिळाली, ८९ जागा. सरकारी पीडीआय ३.१ टक्क्यांवर. लोकांनी ताऱ्याला मत दिलं ते ताऱ्यावर प्रेम होतं म्हणून असं मला वाटत नाही. ‘नाही’ म्हणायला खिळा टोचण्याजोगी तेवढीच एक जागा उरली होती.

तसं नसतं तर पुढचे आकडे वेगळे दिसले असते. २१ मे १९९८ ला सुहार्तो गेले. वर्षअखेरच्या अधिवेशनात पीपीपीने इस्लाम हा पाया परत लिहिला, काबा परत आणला. १९९९ च्या मोकळ्या निवडणुकीत त्याला मिळाले १०.७ टक्के, ताऱ्यापेक्षा निम्म्याहून कमी. एनयूच्या माणसांनी काढलेला नवा पक्ष १२.६ टक्क्यांवर. मेगावतींचा पक्ष सर्वांत पुढे. काब्याने १९७७ मध्ये उचललेलं वजन सगळं धर्माचं नव्हतं, निषेधाचंही होतं, आणि निषेधाला आता अठ्ठेचाळीस पक्ष मिळाले होते.

पक्षाचे अध्यक्ष हमझा हाझ २००१ मध्ये देशाचे उपाध्यक्ष झाले, नारोंना न मिळालेली खुर्ची. २०१४ मध्ये पक्ष फुटला आणि दोन्ही गट, जुन्या सवयीने म्हणा, कायदा मंत्रालयाच्या मान्यतेच्या कागदासाठी भांडत बसले. फेब्रुवारी २०२४ च्या मतपत्रिकेवर काबा सतराव्या क्रमांकावर होता. मतं ३.८७ टक्के, संसदेसाठी तेव्हा लागत होती चार. १९७३ पासून कुठल्याही राजवटीने ज्याला संसदेबाहेर काढलं नव्हतं तो पक्ष पहिल्यांदाच बाहेर राहिला.